जमीनहक्कांचे तज्ज्ञ व्हायचंय? या, बसा

जमीनहक्कांच्या आंतरराष्ट्रीय क्षेत्रात करिअर करायचं म्हणताय? उत्तम. पहिली अट, चिखलात कधी पाय घातलेला नसावा. भाताची आवणी येत असेल तर तुम्ही 'स्थानिक कार्यकर्ते' ठरता, आणि त्या हुद्द्याला विमानाचं तिकीट नसतं.

'कम्युनिटी', 'टेन्युअर', 'स्टेकहोल्डर' एवढं पाठ करा. सातबारा वाचता आला नाही तरी चालतं.

बोलताना २०१२ साली रोममध्ये मंजूर झालेल्या जमीनधारणेच्या ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वांचा हवाला द्या. 'ऐच्छिक' हा शब्द जपून ठेवा, निवृत्तीपर्यंत पुरतो. आपला २००६चा वनहक्क कायदा मात्र तळटीपेतच बरा. त्यात ग्रामसभा आहे, आणि ग्रामसभा प्रश्न विचारते.

गावभेट जुलैतच ठेवा. हिरवंगार असतं, फोटो छान येतात. आवणीचे दिवस असतात म्हणून काय झालं? बायकांचा रोज बुडतो, त्यालाच अहवालात 'सहभाग' म्हणतात. दहाची वेळ द्या, दीडला पोहोचा. मग चार्ट पेपर पसरा, आणि ते रान ज्यांच्या पायाखालचं आहे त्यांच्याकडूनच खडे-बिया मांडून त्यांच्याच गावाचा नकाशा काढून घ्या.

जुना कागद दिसला की सोडू नका. मागच्या महिन्यात जव्हारकडच्या एका पाड्यावर असेच एक साहेब आले होते. तिथल्या एका म्हातारीचा वनजमिनीचा दावा उपविभागीय समितीनं नुकताच फेटाळलेला. वनहक्क कायद्याला हवं तसं १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन तिच्या ताब्यात आहे याला पुरावा काय, तर १९८७ साली वनखात्यानंच अतिक्रमणाचा दंड म्हणून फाडलेली पावती. तेव्हा तिला चोर ठरवायला दिलेला कागद, आज तोच तिची साक्ष देतो. दाव्याला जोडलेली झेरॉक्स फाइलीत सापडत नाही, हे वेगळं सांगायला नको. मूळ पावती तिनं रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेली. साहेबांना ती फारच 'पॉवरफुल' वाटली. "स्कॅन करून लगेच पाठवतो," म्हणून मूळच घेऊन गेले. गेले ते गेलेच. मी चार मेल केले. पहिल्याला उत्तर आलं, साहेब रजेवर आहेत. दुसऱ्याला एका परिषदेचं आमंत्रण आलं, विषय 'समुदायाचा आवाज ऐकताना'. पुढच्या दोन मेलना काहीच नाही.

पुढची टीप... खड्ड्यात गेली टीप. अहो साहेब, जिल्हा समितीकडे दाद मागायला ६० दिवस असतात. त्यातले ४१ गेले. त्या आमंत्रणावर तिचा हात छापलाय तुम्ही, हातात तीच पावती. तिला विचारलंत? तुमच्या भिंतीवर शोभेल म्हणून जपली होती का तिनं ती, एवढे पावसाळे, गळक्या घरात? आणि मी एक मूर्ख, मीच म्हटलं होतं, "द्या आजी, चांगली माणसं आहेत." आता बाजाराच्या दिवशी ती मला गाठते आणि विचारते, कागद आला का. मी रस्ता बदलायला लागलोय.

पावती पाठवा. कुरिअरनं पाठवा, स्पीड पोस्टनं पाठवा, येणाऱ्या कुणाच्या हाती द्या. स्कॅन नको, फोटो नको. मूळ कागद पाठवा.