थंडी पडली म्हणून शेततळ्यातली हवा तोडू नका

निफाड-सिन्नरकडे शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांत एक मेसेज जोरात फिरतोय: 'गार पाण्यात ऑक्सिजन भरपूर असतो. ब्लोअर चालवला तर तळाचं ऊबदार पाणी ढवळून मासे गारठून मरतात. शिवरात्रीपर्यंत डिफ्युझर बंद ठेवा.' ब्लोअर म्हणजे हवा ढकलणारा पंप आणि डिफ्युझर म्हणजे नळीच्या टोकाशी, तळाला ती हवा बुडबुड्यांनी सोडणारा भाग. वीजबिल वाचणार म्हणून मेसेज पटकन पटतो. मासे मात्र आपले जातात.

गार पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो, हे खरं. समुद्रसपाटीला ३० अंशांवर लिटरमागे साडेसात मिलिग्रॅम, २० अंशांवर नऊ. पण मावतो म्हणजे असतोच असं नाही. रात्री शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही, उलट तेही वापरतं; पहाटे तो सर्वांत कमी होतो. त्यात थंडीत रोहू-कटला खाणं कमी करतात आणि आपलं खाद्याचं माप तेच राहतं. उरलेलं खाद्य तळाच्या प्लास्टिक कागदावर बसून कुजतं. डिफ्युझरची नळी वर ओढून बघा: काळा बुळबुळीत थर आणि सडक्या अंड्याचा वास. तो थरही ऑक्सिजन खातो.

आता तळाची ऊब. हा सल्ला बर्फाच्या देशांतला आहे. पाणी ४ अंशांना सर्वांत जड असतं, म्हणून तिथे वर बर्फ आणि तळाशी ४ अंशांचं पाणी राहतं. मासे त्यातच हिवाळा काढतात. तिथेही बरेच जण हवा तोडत नाहीत. डिफ्युझर उथळ जागी सरकवतात, म्हणजे बर्फात भोक उघडं राहतं. निफाडला हवेचा पारा पाच-सहावर आला तरी शेततळ्याचं पाणी ४ अंशांपर्यंत जात नाही. त्यामुळे आपल्याकडे रात्री वर निवलेलं पाणी जड होऊन आपोआप खाली बसतं. जपायला तळाशी ऊब उरतेच कुठे?

कडाक्याच्या रात्री पृष्ठभाग सतत खळबळला तर पाणी जास्त निवतं, इतकं तथ्य मेसेजात आहे. तिलापिया, पंगस असे थंडी न सोसणारे मासे असतील तर ते मनावर घ्याच. पण त्यावर उपाय वेळ बदलण्याचा आहे. दिवसा लाईट असेल तेव्हा दुपारी चालवा. वरचं ऊबदार, ऑक्सिजनने भरलेलं पाणी खाली जातं. पहाटे ऑक्सिजन मीटर लिटरमागे ४ मिलिग्रॅमच्या खाली दाखवत असेल किंवा मासे वर येऊन तोंड वासत असतील, तर थंडी न बघता सुरू करा.

सर्वांत घातक 'शिवरात्रीपर्यंत'. तोवर तळाच्या त्या काळ्या थरात विषारी वायू साठतो, आणि एकदम पूर्ण जोरात हवा सोडली की तो सगळ्या तळ्यात पसरतो. ज्यांनी आधीच बंद केलंय त्यांनी पहिल्या दिवशी दुपारी अर्धाच तास चालवावं, दुसऱ्या दिवशी तासभर, मग रोज दुप्पट. या दिवसांत खाद्य निम्म्यावर ठेवा.