खुलासा : बेन थान मार्केट पाडलेलं नाही

‘व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह सिटीतलं बेन थान मार्केट मेट्रोसाठी पाडलं, जाऊ नका’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे. खोदकाम झालं ते मार्केटसमोरच्या चौकात आणि ले लोई रस्त्यावर. पत्र्यांचं कुंपण दिसणारे जुने फोटो तिथलेच. १९१४ साली सुरू झालेली, घड्याळाच्या मनोऱ्याची इमारत जागेवर आहे. मेट्रो २२ डिसेंबर २०२४ पासून धावतेय, स्टेशन अगदी समोर.

जपायचं ते नोटांना. २० हजार आणि ५ लाख डाँगच्या (डाँग म्हणजे व्हिएतनामचं चलन) नोटा, दोन्ही निळ्या. घाईत एकीऐवजी दुसरी गेली की पंचवीसपट पैसे जातात. म्हणून ५ लाखांची नोट वेगळ्या कप्प्यात ठेवा, देताना शून्यं मोजा. भाव आधी ठरवा, मग पाकीट काढा.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, ग्रुपवर टाकला असेल तर काढून टाका.