‘पाककृती लिहा, लाकूड आम्हाला सोडा’ : सुतारनंदन यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सुतारनंदन,

गौरी-गणपती आटोपल्यावर चौरंगावर, पाटावर, जेवणाच्या टेबलावर जे पांढरे डाग उरतात ते घरच्या घरी कसे काढायचे, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. जाड सुती कापडावरून कोमट इस्त्री, खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन रात्रभर लावून ठेवणं, आणि हट्टी डागाला पांढरी टूथपेस्ट, असे उपाय त्यात होते. त्यावर तुमची प्रतिक्रिया आली. ज्यांच्या नजरेतून सुटली असेल त्यांच्यासाठी ती जशीच्या तशी देते; उगाच मी सोयीचं तेवढंच उचललं असं व्हायला नको. (त्यातला चपडा म्हणजे पापुद्रे केलेली लाख, आणि ती स्पिरिटमध्ये विरघळवून फ्रेंच पॉलिश होतं.)

“ताई, पाककृती लिहा, लाकूड आम्हाला सोडा. फ्रेंच पॉलिशवर इस्त्री फिरवायला सांगणं हा शुद्ध अडाणीपणा आहे, चपडा वितळतो. टूथपेस्टने पॉलिश ओरखडतं. तेलाने डाग जात नाही, फक्त दिसेनासा होतो. मुळात आधी पॉलिश कोणतं हे ओळखायला लागतं, ते तुम्ही कुठेच सांगितलेलं नाही. व्हॉट्सॲपवरचं ज्ञान वाटून लोकांच्या आजोबांच्या वस्तूंची वाट लावू नका. बावीस वर्षं या धंद्यात आहे म्हणून बोलतो.”

पाककृती मी लिहितेच, आणि पुढेही लिहीन. अळूच्या फदफद्याला चिंच कमी पडते असं एका वाचकांनी मागे कळवलं होतं, पण ‘अळू आम्हाला सोडा’ असं काही ते म्हणाले नव्हते. ‘ताई’ म्हणून हाक मारायची आणि पुढच्याच शब्दात स्वयंपाकघराचं दार दाखवायचं, ही कुठली रीत? तुम्ही टेबल बनवून, पॉलिशचे हात मारून, पैसे घेऊन निघून जाता. त्यानंतर ते रोज पुसतं कोण? त्यावर गरम कुकर ठेवणाऱ्या नवऱ्याला ओरडतं कोण? लाकूड ‘तुमचं’ दुकानात असेपर्यंत. घरात आलं की ते आमचं होतं, डागासकट.

आणि ‘व्हॉट्सॲपवरचं ज्ञान’ म्हणालात म्हणून सांगते, एरवी सांगितलं नसतं. माझे वडील सांगलीत जुनं फर्निचर दुरुस्त करून पॉलिश करून देत. दुकान म्हणजे पुढची खोली. शाळेतून आलं की दप्तर ठेवायच्या आधी स्पिरिटचा वास नाकात जायचा. रंधा मला कधी हातात मिळाला नाही, तो भावाला मिळाला. पण चपडा भिजवायचं काम माझं होतं. काचेच्या बरणीत स्पिरिट, त्यात चपड्याचे पापुद्रे, रात्रभर मधूनमधून हलवायचं आणि सकाळी मलमलीतून गाळायचं. लोखंडी डबा चालायचा नाही, कारण लोखंडाला लागून पॉलिश काळपट होतं. भिजवून फार दिवस पडलेलं पॉलिश नीट वाळत नाही, चिकट राहतं, म्हणून लागेल तेवढंच करायचं. हे मला कुठल्या फॉरवर्डमधून कळलेलं नाही. तुम्ही बावीस वर्षं धंद्यात आहात, मी त्या वासात वाढले आहे. कोणी किती वर्षांचा दाखला द्यायचा यावर वाद घालायचा असेल तर माझे वडील तुमच्याही आधीपासून धंद्यात होते, एवढंच म्हणते.

आता इस्त्रीकडे वळते. तुम्हाला सगळ्यात जास्त राग तिचाच आलेला दिसतो आणि ‘अडाणीपणा’ हा शब्दही तिच्याच वाट्याला आलाय.

पांढरा डाग म्हणजे काय, हे आधी वाचकांसाठी. तो लाकडात नसतो, लाकडावरच्या पॉलिशच्या पातळ थरात असतो. ओला तांब्या, चहाचा कप, गरम भांडं बराच वेळ राहिलं की ओलावा त्या थरात शिरतो आणि सूक्ष्म थेंब, पोकळ्या होऊन अडकून बसतो. उजेड त्यांच्यावर आपटून सगळीकडे विखुरतो म्हणून थर पांढरा दिसतो. बर्फाचा खडा आरपार दिसतो आणि गोळेवाल्याने तोच किसला की पांढरा होतो, तसंच. म्हणजे रंग बदललेला नाही, काही जळलेलं नाही, फक्त ओलावा बाहेर काढायचा आहे. थर जरा ऊबदार केला की तो बाहेर पडायला वाट मिळते. इस्त्रीचं काम एवढंच.

‘चपडा वितळतो.’ हो, वितळतो! तो वितळतो म्हणूनच चपडा आहे. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे जी लाख साठवतात, ती झारखंडात सगळ्यात जास्त निघते, थोडीफार आपल्या गोंदिया-गडचिरोलीतही निघते. ती धुऊन, कापडाच्या लांबलचक पिशवीत भरून कोळशाच्या भट्टीसमोर धरायची आणि पिशवी पिळायची. वितळलेली लाख कापडातून बाहेर येते आणि ती गरम असतानाच ताणून तिचा पातळ पापुद्रा करतात. जुन्या पद्धतीचा चपडा असा होतो. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी बघितली असतील. तिथे चरकावर फिरणाऱ्या लाकडाला रंगीत लाखेची कांडी टेकवतात, घासण्याच्या उष्णतेने लाख मऊ होऊन लाकडावर बसते, आणि मग केवड्याच्या पानाने तिला झळाळी आणतात. स्पिरिटचा थेंब नाही, फक्त उष्णता. तेव्हा लाख आणि ऊब यांचं हाडवैर आहे असं जे तुम्ही मांडलंत, ते त्या कारागिरांना सांगून बघा.

चपडा साधारण ७० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडायला लागतो, हे मलाही माहीत आहे. इस्त्रीवरचा एक ठिपका म्हणजे ११० अंशांपर्यंत, हेही माहीत आहे. कपड्यांच्या आतल्या पट्टीवर ती खूण असते, आणि कपडे धुणं-वाळवणं आमच्याच खात्यात येतं, नाही का? पण इस्त्रीचा तवा किती तापलाय आणि चार पदरी सुती कापडाखालचं पॉलिश किती तापलंय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी काय लिहिलं होतं? इस्त्री सगळ्यात कमी आचेवर, खाली जुन्या धोतराची किंवा पंच्याची जाड घडी, काही क्षण टेकवायची, उचलायची, घडी काढून बघायची, हाताला लाकूड गरम लागलं तर थांबायचं. यात ‘फिरवणं’ कुठे आलं? तो शब्द तुमचा. तुम्ही माझ्या तोंडी आधी शर्टावर फिरवतात तशी इस्त्री घातलीत आणि मग त्या इस्त्रीला अडाणी म्हणालात. शिवाय ज्या चहाच्या कपाने तो डाग पडला तो काही थंड नव्हता. त्याने टेबलाचं पॉलिश वाहून गेलं नाही, मग पंच्याच्या घडीवरच्या कोमट इस्त्रीने का जावं?

धोका आहे तो वेगळाच, आणि तुम्ही त्याचं नावही घेतलं नाहीत. इस्त्री जास्त वेळ एकाच जागी राहिली तर मऊ पडलेल्या थरावर कापडाची वीण उमटते. वडिलांच्या दुकानात असं एक टीपॉय आलं होतं. डाग गेला होता आणि त्याच्या जागी पंच्याची जाळी स्पष्ट दिसत होती. वडिलांनी कापसाची पुरचुंडी जेमतेम स्पिरिटने ओलसर केली, न थांबवता हलक्या हाताने वरून नेली, वरचा थर पुन्हा सुटून सपाट झाला आणि वर नव्या पॉलिशचा एक हात दिला. लाखेच्या पॉलिशचं हेच तर मोठं सुख आहे, बिघडलं तरी ते पुन्हा सोडवता येतं. एवढं सगळं माहीत असताना एखाद्या बाईने लिहिलंय म्हणून ‘वितळतं, वितळतं’ करून घाबरवायचं?

आणखी एक. पावसाळ्यात वडील पॉलिशचं काम घ्यायचे नाहीत. जुलैत कोणी घाई केली तर ‘गोकुळाष्टमीनंतर या’ म्हणायचे, तेही आकाश बघून. कारण स्पिरिट भराभर उडतं, पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि अख्खं पॉलिश पांढुरकं होतं. म्हणजे तोच डाग, फक्त पूर्ण टेबलभर. घाईच्या कामात असं झालंच तर ते काय करायचे? शेगडी लावून खोली कोरडी-ऊबदार करायचे आणि स्पिरिटचा हलका हात द्यायचे. ऊब आणि कोरडेपणा, दोनच गोष्टी. मी शेगडीऐवजी इस्त्री म्हटलं, कारण फ्लॅटमध्ये कोळशाची शेगडी कोणाकडे असते?

मात्र एका बाबतीत मी मोकळेपणाने मान्य करते, कारण मी काही हट्टी बाई नाही. इस्त्री वाफेची असेल तर वाफ बंद ठेवा आणि पाण्याची टाकी रिकामी करा, हे लेखात घालायला हवं होतं. आमच्या घरी जुनी कोरडी इस्त्री आहे, त्यामुळे ते डोक्यात आलं नाही. आज ते वाक्य लेखात घातलंय. तुम्ही हा मुद्दा मांडला नव्हता, पण श्रेय हवं असेल तर घ्या.

बाकीच्या मुद्द्यांवर फार लिहिण्यासारखं नाही. टूथपेस्टने ओरखडतं म्हणता. ओरखडतंच, थोडं. त्यात खडूसारखी बारीक पूड असते आणि वरचा सूक्ष्म थर घासून काढणं हेच तिचं काम. म्हणून तर मी तिला शेवटी ठेवली आणि बोटाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने लावायला सांगितली. भांड्यांच्या तारेच्या चोथ्याने लावा असं मी म्हटलेलं नाही.

तेलाने डाग जात नाही, दिसेनासा होतो. बरं मग? खोबरेल तेलाचा आणि लाखेचा प्रकाश वळवण्याचा अंक जवळजवळ सारखाच असतो, तेलाचा १.४५ च्या आसपास आणि लाखेचा १.५ च्या थोडा वर. पाण्याचा १.३३, हवेचा १. तेल त्या पोकळ्यांत शिरलं की उजेड विखुरायचा थांबतो आणि डाग दिसत नाही. पाहुणे आल्यावर जो दिसत नाही तो डाग माझ्या हिशोबी गेला. तुमच्या दुकानात जुन्या खिळ्याचं भोक पुट्टीने बुजवून वर रंग मारता तेव्हा भोक ‘जातं’ का?

पॉलिश ओळखायचं कसं? लिहिलं नव्हतं, कारण तुम्ही स्वतःच ‘आजोबांच्या वस्तू’ म्हणालात आणि आजोबांच्या वस्तूवर बहुतेक वेळा चपडाच असतो; मेलामाइन आणि पीयू (पॉलियुरेथेन) ही रासायनिक पॉलिशं म्हणजे नंतरचे लाड. पण तुमचं समाधान व्हावं म्हणून लिहिते. टेबलाच्या खालच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा थेंब टाका. चिकट झालं तर चपडा. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने सुटलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन किंवा पीयू. तिथे ओलाव्याचा डाग सहसा पडतच नाही, पडलेला असेल तो बहुधा उष्णतेचा, आणि तिथे इस्त्रीच्या भानगडीत पडू नका. सनमायका असेल तर साबणाच्या पाण्याचं फडकं घ्या आणि हा लेख बंद करा. झालं? चार ओळींचं काम होतं. तुम्हीच त्या चार ओळी लिहिल्या असत्या तर वाचकांचा फायदा झाला असता, पण मग ‘पाककृती’ला जागा उरली नसती.

पॉलिशवाल्याला बोलवा असं तुम्ही स्पष्ट म्हटलं नाहीत, पण सूर तोच होता. बोलवलं होतं. चौरंगावरच्या वाटीएवढ्या डागासाठी एक गृहस्थ घरी आले, चौरंग उलटा करून बघितला, आणि ‘सगळं घासून नवीनच करावं लागेल, सोबत देव्हाराही करून टाकू’ म्हणाले. त्यांनी सांगितलेल्या पैशात नवा चौरंग आला असता. ते तुम्ही नव्हतात, हे मला माहीत आहे. पण वाचक घरगुती उपायांकडे का वळतात याचं उत्तर तिथेही आहे, सगळं व्हॉट्सॲपवर ढकलू नका.

खाली आणखी एका वाचकांनी तुमच्या सुरात सूर मिसळून ‘काळ्या डागाला यातलं काहीच चालत नाही’ असं लिहिलंय. अहो, शीर्षकात ‘पांढरे’ हा शब्द आहे. काळा डाग म्हणजे पाणी थर ओलांडून लाकडापर्यंत गेलं, आणि लोखंड असेल तर लाकडातल्या टॅनिनशी, म्हणजे तुरट द्रव्याशी, त्याची काळी शाई झाली. हिरडा आणि लोखंडाची शाई करायचे तो हाच प्रकार. तिथे पॉलिश उतरवून ऑक्झॅलिक ॲसिडच लागतं, ते विषारी असतं, आणि ते काम मी कोणाला घरी करायला सांगणार नाही. त्यासाठी खुशाल सुतारनंदन यांना बोलवा.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पुढची आली तर तीही लावेन. इस्त्रीने खरोखर बिघडलेल्या एखाद्या वस्तूचा फोटो तुमच्याकडे असेल तर सोबत पाठवा, आणि इस्त्री कितीवर होती, खाली कापड होतं की नव्हतं, तेवढं त्यात लिहा.