कागदावर कोरी पाटी

बाल न्याय मंडळात (अठरा वर्षांखालच्या मुलांवरच्या गुन्ह्यांच्या केस इथे चालतात) केस निकाली निघाली की मुलाची पाटी कोरी, म्हणजे गुन्ह्याचा डाग राहत नाही, असं या मंडळांवरच्या एका लेखात म्हटलंय. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ तसं सांगतं खरं (मुलावर प्रौढ म्हणून खटला चाललेले काही निर्घृण गुन्हे सोडून). पण पोलिस ठाण्यातली नोंद कोण काढतं? आमच्या शेजारच्या मुलाला पंधराव्या वर्षी मारामारीच्या केसमध्ये मंडळाने समज देऊन सोडलं होतं. पुढे नोकरीसाठी चारित्र्य पडताळणी केली, तर अहवालात गुन्हा रजिस्टर नंबर कलमांसकट हजर!

याच कायद्याच्या कलम ७४ नुसार निकाली केसची माहिती चारित्र्य दाखल्यासाठी द्यायला पोलिसांना मनाई आहे. वडिलांनी त्या कलमाचा हवाला देऊन लेखी अर्ज केला, तेव्हा कुठे दाखला बदलून मिळाला. तोवर जागा भरली होती. लेखात हे कलम यायलाच हवं होतं.