सुटले, मग स्फोट केले कोणी?

जुलै 2025 मध्ये हायकोर्टाने 2006 च्या मुंबई लोकल स्फोटांतले सगळे आरोपी सोडले आणि दहाच दिवसांत मालेगावच्या 2008 च्या स्फोटातले सातही आरोपी सुटले, तेव्हापासून आमच्या फॅमिली ग्रुपवर जी भांडणं चाललीत ती मी इथे बर्मिंगहॅममध्ये बसून वाचतोय. पहिल्या निकालावर कोर्टाला शिव्या घालणारे दुसऱ्यावर खूष, आणि उलटही तसंच. पण वेस्टर्न लाइनवर 11 मिनिटांत सात स्फोट झाले, 180 च्या वर माणसं गेली, ते केलं कोणी हे कोणीच विचारत नाही, याचा मला खरंच त्रास होतो.

मी राहतो त्या शहरात हे होऊन गेलंय. 21 नोव्हेंबर 1974 ला इथल्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, 21 जण गेले. लोक भडकलेले, सरकारने आठवडाभरात चार्ज न लावता सात दिवस आत ठेवता येईल असा कायदा केला, पोलिसांनी सहा आयरिश माणसं धरली, मारहाण करून कबुलीजबाब घेतले आणि सहाही जणांना जन्मठेप झाली. 1991 मध्ये कोर्टाने त्यांना सोडलं. सोळा वर्षं गेली त्यांची, आणि ज्यांनी खरोखर बॉम्ब ठेवले त्यांना आजवर शिक्षा नाही. शहरातल्या साध्या आयरिश लोकांनीही खूप सोसलं, त्यांची सेंट पॅट्रिक्स डेची मिरवणूक 1996 पर्यंत बंद होती.

पण ते सहा जण सुटले त्याच दिवशी सरकारने तपासापासून अपिलापर्यंत सगळी पद्धत तपासायला रॉयल कमिशन नेमलं, आणि त्यातून पुढे संशयास्पद शिक्षा पुन्हा तपासणारी स्वतंत्र संस्था उभी राहिली. उशिरा झालं, पण झालं.

आपल्याकडे मोक्कात, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्यात, डीसीपीसारख्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालतो आणि 2006 च्या केसमध्ये हायकोर्टाने नेमके तेच फेटाळले. राज्य सरकार लगेच सुप्रीम कोर्टात गेलं, जावंच, पण तपास कुठे फसला याची चौकशी का नाही? माझा मावसभाऊ म्हणतो कायदे अजून कडक करा. अरे, कसाबची केस फाशीपर्यंत टिकली ती फोटो, सीसीटीव्ही आणि साक्षीदार होते म्हणून, नुसत्या कबुलीवर नाही.

सुप्रीम कोर्टात काहीही होवो, सरकारने निवृत्त न्यायाधीश नेमून या तपासाची उघड सुनावणी घ्यावी, आणि त्या गाड्यांत ज्यांची माणसं गेली त्यांना तिथे तपास अधिकाऱ्यांना थेट प्रश्न विचारू द्यावेत.