वीस मिनिटांचे आठशे

मागच्या रविवारी नेमबाजीच्या रेंजवर एका नव्या पालकांनी मला बाजूला घेतलं. "दादा, एकदा रायफल घेतली की झालं ना? पुढं काय मोठा खर्च नसतो ना?" मला हसू आलं. चहा सांगितला आणि तासभर बोलत बसलो. तेच जरा नीट लिहून काढतोय, कारण २०२४ ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिम्पिकमधनं नेमबाजीचं ब्राँझ आणल्यापासून हा प्रश्न फार ऐकू येतो. आपली कोल्हापूरची नेमबाज तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाली तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा पेढ्यांपलीकडचा खर्च ठाऊक नव्हता.

आधी माझं सांगतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, एक सेकंडहँड व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन. पंपाचे शाफ्ट, बुश, असलं जॉबवर्क. थोरली मुलगी १० मीटर एअर रायफल करते, हे चौथं वर्ष. साडेचार मिलिमीटर बोअरची आणि २० जूलच्या आतली असल्यानं या रायफलीला परवाना लागत नाही, एवढाच काय तो दिलासा. बाकी सगळ्याला पैसे लागतात.

रायफल जर्मन, नवी घेतली तर तीन लाखांच्या पुढंच. आम्ही सेकंडहँड घेतली, एक लाख साठ हजाराला, आणि तिथंच पहिला फटका बसला. हवेच्या सिलिंडरवर तारीख कोरलेली असते. त्या तारखेपासून दहा वर्षं वापरायचा, मग बाद. आमच्या सिलिंडरचे सात महिने उरले होते. विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. रोज शाफ्टवर व्हर्नियर लावणारा माणूस मी, पण सिलिंडर उलटा करून बघायचं सुचलं नाही. नवा सिलिंडर सव्वीस हजार.

पण पैसे खऱ्या अर्थानं जातात ते रायफलीला लागणाऱ्या वस्तूंत. हाताखालचा हँडरेस्ट, खांद्याला टेकणारी बटप्लेट, गालाखालचा चीकपीस, नेम धरायच्या पुढच्या साइटची रिंग, साइटखालचे रायझर, नळीवर बसवायची वजनं. सगळं सुटं मिळतं, सगळं निळ्या-लाल-काळ्या रंगात अ‍ॅनोडाइज केलेलं आणि सगळ्याच्या किमतीला पाच आकडे. रेंजवर एखादं पोर नवी बटप्लेट घेऊन आलं की आठवड्यात आणखी चार पोरं घरी हट्ट धरतात. आमच्या घरीही धरला. हँडरेस्ट, साडेतेरा हजार.

मी तो हातात घेऊन उलटापालटा करून बघितला. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, चार स्लॉट, दोन थ्रेड. घरी येऊन हिशेब मांडला. मटेरियल, व्हीएमसीचा दीड तास, अ‍ॅनोडायझिंग, स्क्रू, सगळं धरून अठ्ठावीसशे. म्हटलं, लुटतायत की लेको! आता एवढं म्हणत नाही. डिझाइन कुणीतरी केलेलं असतं, माल हजारांच्या संख्येत खपतो, लाखांच्या नाही, वर भाडं, कस्टम्स, दुकानदार. रिनाउंड शॉट, म्हणजे मान्यताप्राप्त नामांकित नेमबाज, ठरलं की आयातीत सवलत मिळते, पण तिथवर पोचायच्या आधीच हे सगळं घ्यावं लागतं, त्याचं काय ते सरकारलाच ठाऊक. असो. मुद्दा असा की साडेतेरा हजार ही लूट नसेल, पण आमच्या मुलीला त्याची गरजही नव्हती.

पण तेव्हा मी तावात होतो. म्हटलं, हँडरेस्ट राहू दे, रायझर आपण घरीच करू. रायझर म्हणजे दोन छोटे ठोकळे. मान फार वाकवावी लागू नये म्हणून साइट वर उचलायला तिच्या खाली बसवायचे. खाली ११ मिलिमीटरच्या रेलवर बसणारा तिरक्या कडांचा खाचा, म्हणजे डव्हटेल, वर तसलाच रेल. एका रविवारी करून टाकले. काय फिनिश आला होता! फोटो काढून मित्रांना पाठवले.

पुढचे तीन आठवडे मुलगी रडकुंडीला आली. पहिले वीस-पंचवीस शॉट छान, मग ग्रुप, म्हणजे शॉट लागायची जागा, हळूहळू डावीकडं. ती साइटला क्लिक देऊन परत आणायची, तो परत सरकायचा. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, पेलेट, म्हणजे छर्रा, साडेचार मिलिमीटरचं. त्यातही दहाच्या पुढं पॉइंट एक, पॉइंट दोन असं १०.९ पर्यंत मोजतात आणि प्रत्येक पॉइंट म्हणजे पाव मिलिमीटर. माझ्या धंद्यात पाव मिलिमीटर म्हणजे २५० मायक्रॉन, एवढ्यात बेअरिंगची सीट भंगारात जाते. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी पेलेट बदलले. कोच सरांनी स्टान्स बदलला. एका मॅचमध्ये साठपैकी शेवटच्या वीस शॉटला ती पार कोसळली आणि गाडीत बसल्यावर म्हणाली, "पप्पा, माझंच कायतरी चुकतंय."

आमच्याकडं महिन्यातनं एकदा एक मिस्त्री येतात. साठीच्या पुढचे, पत्र्याची पेटी, दोऱ्यानं बांधलेला चष्मा. घराण्यात बंदुकांचंच काम. त्यांनी रायफल हातात घेतली, साइटला अंगठ्यानं हलकं ढकललं आणि काही न बोलता रायझर उतरवला. पेटीतनं निळ्या रंगाची डबी काढली. तेच आमचं वर्कशॉपमधलं ब्लू, दोन भाग कुठं टेकतात ते दाखवणारा रंग. बोटानं रेलवर पुसट लावलं, रायझर सरकवून घट्ट केला, परत काढला आणि माझ्यापुढं धरला. डव्हटेलच्या उतारावर रंग एका केसाएवढ्या रेघेत लागला होता, बाकी सगळं कोरं. म्हणजे रायझर रेलवर बसलाच नव्हता, एका धारेवर टेकला होता. प्रत्येक वेळी लोडिंग लिव्हर ओढली की कणभर सरकत होता. माझा डव्हटेल कटर झिजलेला, कोन चुकलेला.

"कुणी केलाय हा?"

"मीच."

मिस्त्रींनी परत एकदा बघितला. "फिनिश चांगलाय," म्हणाले.

मग धातू खरवडायचा स्क्रेपर घेतला, तीन-चार हात फिरवले, ब्लू, परत हात, परत ब्लू. रंग पूर्ण उतारभर पसरला तेव्हा थांबले. चूक सापडायला पाच मिनिटं, बसवायला पंधरा. "आठशे द्या."

आणि माझ्या तोंडातनं निघणारच होतं, "एवढ्याशाचे आठशे?"

हे वाक्य गेली बावीस वर्षं मी काउंटरच्या पलीकडनं ऐकतोय. शाफ्टची सीट भरून ग्राइंड करून दिली की गिऱ्हाईक हेच म्हणतं. तोच माणूस नव्या शाफ्टचे पाच हजार मुकाट्यानं मोजतो, कारण ते वजनदार असतं, पिशवीत घालून नेता येतं. हाताचं काम पिशवीत घालता येत नाही.

रेंजवर मी हेच बघतोय. छत्तीस हजारांची बटप्लेट घेणारे पालक ती पोराच्या खांद्याला बसवून घ्यायचे पंधराशे मागितले की घासाघीस करतात. मग ती बटप्लेट युट्यूब बघून स्वतः बसवतात आणि पोरगं वर्षभर खांदा वाकडा करून मारतं. एका ओळखीच्यांनी दुकानदाराच्या सांगण्यावरनं नळीला वजनं घेतली. मॅचच्या सकाळी इक्विपमेंट कंट्रोलला, म्हणजे साहित्य तपासणीला, रायफल साडेपाच किलोच्या वर भरली. साडेपाचची मर्यादा, साठ ग्रॅम जास्त. तिथंच काउंटरवर वजनं उतरवली, बॅलन्स गेला, दिवस गेला. विकताना वजनकाटा कुणी दाखवला नव्हता. मिस्त्रींनी आधी काट्यावर टाकली असती.

म्हणून त्या नव्या पालकांना मी सांगितलं ते असं. पहिली दोन वर्षं रंगीत काही घेऊ नका. सेकंडहँड घ्यायची तर आधी सिलिंडरची तारीख वाचा. पैसे पेलेटसाठी ठेवा. पोर रोज ऐंशी-शंभर शॉट मारायला लागलं की ५०० चा डबा पाच-सहा दिवसांत संपतो आणि मॅचचा डबा हजाराच्या वर जातो. आणि दर सहा महिन्यांनी रायफल जाणत्या माणसाकडनं पोराला बसवून घ्या, कारण पोरं वाढतात, रायफल वाढत नाही.

आमच्या मुलीची ग्रीप मिस्त्रींनी कशी केली ते बघण्यासारखं होतं. लाकडी ग्रीपवर एम-सीलचा थर दिला. तिच्या तळहाताला पावडर फासली आणि पोझिशनमध्ये उभं करून धरायला लावलं. "दाबू नको बाळ, नुसती धर." दहा मिनिटं. मग पुढच्या वेळी कानस, मग पॉलिश पेपर, आणि प्रत्येक वेळी तिला डोळे मिटून धरायला लावायचं आणि विचारायचं, कुठं बोचतंय. अंगठ्याखालचा एक उंचवटा त्यांनी तीनदा घासला. एकूण खर्च बावीसशे, त्यात एम-सील किती रुपयांचं असेल ते तुम्हीच सांगा. त्या साडेतेरा हजारांच्या हँडरेस्टनं जे झालं नसतं ते त्या भुऱ्या, ओबडधोबड दिसणाऱ्या ग्रीपनं झालं. त्या ग्रीपची पोरींत चेष्टा होते, "काय ते, सिमेंट लावलंय का!" मुलीला फरक पडत नाही.

परवा मिस्त्री वर्कशॉपला आले होते. कुणाच्या तरी जुन्या रायफलीच्या ट्रिगरचा बारीक स्क्रू हवा होता, बाजारात मिळत नाही, थ्रेडही वेगळा. मी नमुना बघितला, म्हटलं होईल, पाचशे.

चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी स्क्रू चिमटीत धरला, उजेडात बघितला.

"एवढ्याशाचे पाचशे?"

साडेतीनशेला करून दिला. वर चहा पाजला.