रिचर्ड राइटचा 'वेट ड्रीम' म्हणजे काढून टाकलेल्या माणसाचा राग नाहीये

नाशिकच्या म्युझिकवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडने त्यांच्या कीबोर्डवाल्या रिचर्ड राइटला हाकललं, त्या रागात त्याने 'वेट ड्रीम' नावाचा सोलो अल्बम काढला, एकट्याने बसून सिंथची (सिंथेसायझरची) बटणं दाबून केला, बँडमध्ये तसंही त्याचं काही नव्हतं, म्हणून तो पडला. चांगले वाजवणारे लोक पण हे पुढे पाठवतायत, म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट तारखांची. 'वेट ड्रीम' रेकॉर्ड झाला 1978 च्या जानेवारी-फेब्रुवारीत, फ्रान्समध्ये नीसजवळच्या सुपर बेअर स्टुडिओत, आणि बाजारात आला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये. राइटला बँड सोडायला लावलं ते फ्लॉइडच्या 'द वॉल' अल्बमच्या रेकॉर्डिंगच्या वेळी, म्हणजे 1979 ला. मग जे अजून घडलंच नाही त्याचा राग अल्बममध्ये कुठून येणार? गोंधळ बहुतेक यामुळे होत असेल की 'द वॉल'चं बरंच काम पुढच्या वर्षी त्याच सुपर बेअरमध्ये झालं. 1978 ला कोणी कोणाला काढलेलं नव्हतं, फ्लॉइडला जरा मोकळा वेळ होता आणि बँडचा गिटारवाला डेव्हिड गिलमोर याने पण आपला पहिला सोलो अल्बम तेव्हाच आणि तिथेच केला. त्याला कोणी सूडाचा अल्बम म्हणत नाही, राइटलाच का?

आणि ऐका तरी ना एकदा. त्यात ग्रीसकडचा समुद्र आहे, सुट्टी आहे, बोटी आहेत, राइटला शिडाच्या बोटीचं वेडच होतं. 'अगेन्स्ट द ऑड्स' या गाण्यात दुःख आहे, पण ते घरातल्या भांडणांनी थकलेल्या माणसाचं, लग्न मोडायला आलेलं तेव्हा.

आता 'एकट्याने बटणं दाबून'. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण मी स्वतः कीबोर्ड वाजवतो आणि हे आपल्याकडे कायम ऐकावं लागतं, कालिदास नाट्यगृहात शो असो नाहीतर कॉलेजचा फेस्ट, गिटारची लेव्हल आधी लागते आणि कीबोर्डवाल्याला सांगतात तू मागे पॅड (नुसते लांब सूर) धरून ठेव. तर अल्बमवर गिटार स्नोई व्हाइटची आहे, जो 1977 च्या टूरला फ्लॉइडसोबत होता, सॅक्सोफोन मेल कॉलिन्सचा, बास लॅरी स्टील, ड्रम्सवर रेज इझिडोर. आख्खा बँड आहे हा. मिडी, म्हणजे कीबोर्ड आणि कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची पद्धत, आलं 1983 ला, आणि 1978 ला कॉम्प्युटरवर पार्ट टाकून ठेवला आणि मशीनने वाजवला असा प्रकार इथे नाहीच, पियानो, हॅमंड ऑर्गन, सिंथ, सगळं हाताने. दहापैकी चार गाणी आहेत आणि ती राइट स्वतः गातो, बाकी सहा नुसती वाद्यांची. त्यातही तो सॅक्स आणि गिटारला भरपूर जागा देतो, स्वतः खाली कॉर्ड बदलत राहतो, मैफिलीत चांगला पेटीवाला गायकाच्या मागे राहून रंग भरतो ना तसं.

बँडमध्ये त्याचं काही नव्हतं म्हणणाऱ्यांकडे एक खरा मुद्दा आहे, तो मान्य करायला हवा. फ्लॉइडच्या 'ॲनिमल्स' (1977) अल्बमवर लेखक-संगीतकार म्हणून त्याचं नाव एकाही गाण्याला नाही आणि 'द वॉल'वरही नाही. पण त्याआधीच्या फ्लॉइडच्या गाण्यांचं काय करायचं? 'द ग्रेट गिग इन द स्काय'ची पियानोवरची चाल त्याची, 'अस अँड देम'ची चाल त्याची, 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'चा शेवटचा नववा भाग एकट्या त्याच्या नावावर. 'ब्रीद'मधला एक कॉर्ड जॅझवाल्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' अल्बममधून सुचला हे त्यानेच सांगितलंय, आणि तो जॅझचा कान 'वेट ड्रीम'मध्ये जागोजागी दिसतो. म्हणजे 'ॲनिमल्स'मध्ये ज्याला जागा मिळाली नाही तो माणूस दुसऱ्याच वर्षी स्वतःच्या दहा रचना घेऊन उभा राहतो. याला संपलेला माणूस कसं म्हणायचं?

खपला नाही हे खरंय. पण 2023 ला स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश संगीतकाराने त्याचं नव्याने मिक्सिंग केलं आणि अल्बम परत निघाला, 45 वर्षांनी. त्याआधी 1996 ला राइटने 'ब्रोकन चायना' हा सोलो अल्बम केला, बायकोच्या डिप्रेशनवरचा, त्यात दोन गाणी आयरिश गायिका सिनेड ओ'कॉनरने गायलीयत.

ज्यांनी मेसेज टाकलाय त्यांनी निदान 1978 आणि 1979 ची अदलाबदल तरी दुरुस्त करून परत टाका. आणि नव्याने ऐकणाऱ्यांनी त्यातल्या 'समर एलिजी' गाण्यापासून सुरू करा, हेडफोन लावून, नवीन मिक्सवर, त्यात पियानो नीट ऐकू येतो.